मातीचे भांडवल आणि आपला हिशेब

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने उभी पिके तर नेलीच. पण नदी-नाल्यांच्या काठची कितीतरी शेते वरच्या मातीसकट खरडून नेली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने मदत जाहीर केली. तीत पिकांच्या नुकसानभरपाईखेरीज, खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंत मदत, अशी वेगळी तरतूद होती. ही रक्कम पुरेशी की अपुरी, हा वादाचा विषय होईल. परंतु पीक बुडाले तर एका हंगामाचे नुकसान होते आणि माती गेली तर पिढ्यांचे होते, हा भेद त्यानिमित्ताने सरकारी कागदावर आकड्यांत मांडला गेला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. एका रात्रीत वाहून गेलेल्या मातीचा पंचनामा होतो. पण नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतांतून दर पावसाळ्यात गाजावाजा न होता जी माती जाते, आणि जी जागेवर राहूनही दरवर्षी निकस होत जाते, तिचा पंचनामा कोणी करावयाचा? प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, माती हे भांडवल आहे. ते आपण खाऊन टाकीत आहोत आणि खाल्लेले भांडवल उत्पन्न म्हणून वहीत लिहीत आहोत. ज्या दुकानदाराने गल्ल्यातील मुद्दल नफा समजून खर्च केले, त्याचे दुकान काही वर्षे तेजीत दिसते. पुढे काय होते ते सांगावयास नको.

जमीन आणि घसारा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे उत्पादनाचे चार घटक शिकविले जातात. भूमी निसर्गदत्त, भांडवल मानवनिर्मित; यंत्राला घसारा असतो, भूमीला नसतो, असे त्यामागील गृहीत. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला, तोही मातीच्या मूळ शक्ती अविनाशी आहेत असे धरूनच. पुढे १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने दाखवून दिले की, पीक मातीतून खनिज द्रव्ये उचलते आणि ती परत केली नाहीत तर जमिनीचा कस घटतो. शिवाय जे द्रव्य सर्वांत कमी पडते, तेच पिकाची मर्यादा ठरविते. म्हणजे भूमीलाही घसारा आहे. हे मृदाशास्त्राने जवळजवळ दोन शतकांपूर्वी मान्य केले. आपल्या पीकखर्चाच्या हिशेबात मात्र त्यासाठी अजून रकाना नाही. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी सारे मांडले जाते. क्विंटलमागे मातीची किती झीज झाली, हे मांडले जात नाही.

काळ्या मातीची घडण

आपल्या भागातील माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची आहे. तो झिजून जी चिकणमाती तयार झाली, तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा गुण असा की, ते पाणी प्याले की फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हातभर खोल भेगा पडतात, वरची भुगा झालेली माती त्यांत पडते आणि पाऊस पडला की सारे मिटते. काळी जमीन आपली आपणच नांगरते, असे म्हणतात ते याचमुळे.

या मातीचे खरे वैभव तिच्या जलधारणेत आहे. एक मीटर खोलीची भारी काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे साधारणतः दोनशे मिलिमीटर पाणी आपल्या पोटात साठविते. म्हणजे एका हेक्टरात वीस लाख लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली, तेव्हा साऱ्या देशाने तिची छायाचित्रे पाहिली. पन्नास वाघिणींची ती पूर्ण गाडी सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणीत असे. सव्वा हेक्टर खोल काळी जमीन म्हणजे अशी एक अख्खी गाडी! धरणांसाठी आपण आंदोलने केली आणि ती करणे योग्यच होते. पण पायाखाली असलेल्या या धरणाची साठवणक्षमता घटत चालली आहे, याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. माळावरील उथळ मुरमाड जमीन याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच पाणी धरते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली की, नाल्याकाठचे सोयाबीन तग धरते आणि माळावरचे करपते. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

या मातीचे दोषही ध्यानात घेतले पाहिजेत. ती बहुधा विम्लधर्मी व चुनखडीयुक्त असते. तिचा सामू आठच्या आसपास असतो. त्यामुळे घातलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते. लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही आणि सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात. ओली असता चिखल आणि वाळली असता दगड, अशी तिची प्रकृती असल्यामुळे मशागतीला मिळणारा वाफसा मोजक्या दिवसांचा असतो. तो न साधता जड ट्रॅक्टर शेतात घातला की खालचा थर दडपला जातो. मग मुळेही खाली उतरत नाहीत आणि पाणीही मुरत नाही.

कर्बाचे गणित

मातीच्या या गुणांना सांधून ठेवणारी वस्तू म्हणजे सेंद्रिय कर्ब. मातीचे कण एकत्र बांधून ठेवणे, पाणी मुरविणे, अन्नद्रव्ये धरून ठेवणे, जिवाणूंना खाद्य पुरविणे, ही कामे त्याची. प्रयोगशाळेच्या रूढ निकषांनुसार अर्ध्या टक्क्याहून कमी कर्ब असलेली जमीन निकृष्ट समजली जाते. पाऊण टक्क्याच्या वर चांगली. हा पाव टक्क्याचा फरक दिसावयास क्षुल्लक वाटतो. पण एका एकरातील वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो भरते. त्यात कर्ब केवळ एक दशांश टक्क्याने वाढवावयाचा तर नऊशे किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. आपल्या उष्ण हवेत शेणखतातील बहुतांश कर्ब वर्ष-दोन वर्षांत कुजून हवेत जातो. मातीत स्थिरावतो तो थोडाच. म्हणजे ही बचत वर्षानुवर्षे, चिकाटीने करावयाची असते. ती मोडावयाला मात्र वेळ लागत नाही.

आता बाजाराकडे पाहू. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते आणि ती अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. शेणखतात नत्र सरासरी अर्धा टक्का. तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागेल. त्याची खरेदी, वाहतूक व पसरण्याची मजुरी मिळून काही हजार रुपये होतात. नत्राच्या तराजूत तोलले तर शेणखत घालणारा शेतकरी मूर्खच ठरेल. पण शेणखत नत्राबरोबर कर्ब, गंधक, जस्त, पाण्याची धारणा आणि मातीची पोतही देते. त्यांपैकी कशाचाही भाव बाजारात लागत नाही. बाजाराने ज्याची किंमत लावली नाही, त्याची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम येथे पुरेपूर लागू पडतो.

त्यात शासकीय धोरणाने भर घातली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमतनियंत्रण उठविले गेले, युरियावरील कायम राहिले. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान आले. त्यातूनही युरिया वगळण्यात आला. स्वस्ताकडे हात वळणे हा मनुष्यस्वभाव आहे, त्यासाठी शेतकऱ्याला दोष देता येत नाही. सोयाबीन तर मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतःच मिळविते. त्याला गंधक, जस्त, स्फुरद यांची गरज अधिक. आणि पुष्कळदा मिळते काय, तर आणखी थोडा युरिया.

याचा अर्थ रासायनिक खते टाकून द्या, असा मुळीच नाही. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगाचा धडा अधिक समतोल आहे. तेथे रासायनिक खतांवरही पिढ्यान् पिढ्या चांगले पीक आले. पण शेणखत मिळालेल्या वाफ्यांतील मातीचा कर्ब काहीच न मिळालेल्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक झाला. पीक आज खताने येते. उद्याची माती सेंद्रिय द्रव्याने राहते. दोहोंची गरज आहे.

कडबा गेला, शेण गेले

मराठवाड्यातील उकिरडे रिकामे का झाले, याचे उत्तर पीकपद्धतीत सापडते. खरिपात पूर्वी ज्वारी, मूग, उडीद, तूर, कापूस अशी मिश्र लागवड असे. ज्वारीच्या कडब्यावर बैलजोडी जगे, बैलांच्या शेणावर शेत जगे. सोयाबीन आले ते आर्थिक कारणांनी आले. नव्वद ते शंभर-सव्वाशे दिवसांत हाती रोकड देणारे, मागाहून हरभरा घेऊ देणारे आणि लातूरसारखी मोठी बाजारपेठ जवळ असणारे हे पीक शेतकऱ्याने स्वीकारले, यात नवल नाही. पण ज्वारी हटली तसा कडबा घटला. कडबा महागला तशी दावण मोडली. ट्रॅक्टर आला आणि शेणखत संपले. २०१२ व २०१९ च्या पशुगणनांमधून राज्यातील गोवंशाची संख्या घटल्याचे दिसून आले. अशा स्थितीत ‘शेणखत वापरा’ हा उपदेश कोरडा ठरतो. आधी शेण कोठून आणावयाचे ते सांगितले पाहिजे.

म्हणून शेतातच निर्माण होणाऱ्या काडीकचऱ्याकडे वळणे भाग आहे. सोयाबीनचे भुसकट, तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचे पाचट हे सारे मातीचे देणे आहे. ते बांधावर पेटवून देणे म्हणजे बँकेत भरावयाच्या नोटा चुलीत घालणे होय. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे, आपल्यासारख्याच काळ्या कापसाच्या जमिनीच्या प्रदेशात, कंपोस्टची पद्धत बसविली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या पांढरीपांडे यांनी, म्हणजे सर्वांच्या ‘नाडेप काकां’नी, विटांच्या जाळीदार टाक्यात थोडे शेण, माती व पुष्कळ काडीकचरा कुजवून भरपूर खत करण्याची रीत रूढ केली. ज्ञान परदेशातून आणावयाचे नव्हते. ते शेजारच्या तालुक्यात होते.

वाहून जाणारे मुद्दल

देशातील मातीच्या धुपेचा ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये केलेला अंदाज वर्षाला हेक्टरी सरासरी सोळा टनांहून थोडा अधिक होता. हा आकडा देशाचा आहे. शेताशेतांत तो कमी-अधिक होणारच. पण त्याचा अर्थ असा की, दरवर्षी सुमारे सव्वा मिलिमीटर थर जातो. चाळीस वर्षांत, म्हणजे एका शेतकऱ्याच्या कर्त्या आयुष्यात, दोन इंच. एक इंच माती घडावयास मात्र शतके लागतात. जातो तो थरही वरचा, म्हणजे सर्वांत सुपीक. हीच माती पुढे तलावांत व धरणांत गाळ म्हणून साचते. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. तिने हलक्या जमिनींना लाभ होतो, हे निर्विवाद. तथापि आपल्याच शेतातून गेलेली माती ट्रॅक्टरचे भाडे भरून परत आणणे, हा व्यवहार किती महागडा आहे, याचाही विचार व्हावा. ती शेतातच अडविणे कितीतरी स्वस्त पडले असते.

आणि ती अडविता येते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगरावरील पानाफुलांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जाते, म्हणून सरकारने पोलीस व लष्करातील मनुष्यबळ लावून ताली व बंधारे घालावेत, पाणी जमिनीत मुरू द्यावे, अशी सूचना केली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून बांधबंदिस्तीची कामे झाली, त्यांत या विचाराचाच धागा होता. परंतु भारी काळ्या जमिनीत समपातळीचे बांध पाणी तुंबवितात व फुटतात. तेथे जास्तीचे पाणी हळूहळू बाहेर काढणारी उताराची रचना लागते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ पासून याच जातीच्या जमिनीवर दीर्घ प्रयोग चालविला आहे. पारंपरिक पद्धतीत वर्षाला हेक्टरी सुमारे एक टन धान्य आले. रुंद वरंबा व सरी, दोन पिके वा आंतरपीक, संतुलित खते या संचाने ते पाच टनांच्या घरात गेले. धूप सहा टनांच्या आसपास होती ती दीड टनावर आली. हीच रुंद वरंबा-सरी ‘बीबीएफ’ या नावाने आता मराठवाड्यात सोयाबीनसाठी परिचित आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघते, कमी झाला तर सरीत मुरते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचाही या पद्धतीसाठी आग्रह आहे. अडचण आहे ती पेरणीच्या चार-पाच दिवसांत गावात पुरेशी यंत्रे नसण्याची. आणि ती ग्रामपंचायत वा सोसायटीच्या पातळीवर सुटण्यासारखी आहे.

पत्रिका आहे, वैद्य नाही

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा बारा गोष्टींची नोंद त्या पत्रिकेत असते. कल्पना उत्तमच होती. पण योजनेच्या आखणीत बागायतीला अडीच हेक्टरांमागे आणि कोरडवाहूला दहा हेक्टरांमागे एक नमुना असे प्रमाण ठरले. आपल्या शिवारात दहा हेक्टरांच्या पट्ट्यात माथ्यावर मुरूम, मध्ये मध्यम आणि नाल्याशी भारी अशा तीन जातींच्या जमिनी असू शकतात. तिघांची सरासरी कोणाच्याच उपयोगाची नाही. शिवाय मातीची खोली आणि जलधारणा, म्हणजे कोरडवाहू शेतीचा प्राण, या बारा नोंदींत येतच नाही. आणि पत्रिका वाचून शेतात येऊन समजावणारा माणूस गावात नसेल, तर ती सातबाऱ्याच्या पिशवीत पडून राहते.

प्रश्न आपल्या घरचाही

या चर्चेत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या शिक्षक, कारकून, प्राध्यापक यांपैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे आणि ती बटईने अथवा ठोक्याने दिलेली आहे. मराठवाड्याला लागू असलेल्या १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचा उद्देश न्याय्य होता. पण कूळ लागेल या भीतीने मालक कागद करीत नाही. व्यवहार तोंडी आणि एका वर्षापुरता होतो. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेला बटईदार शेणखत का घालील? बांध का दुरुस्त करील? तो दोन गोणी युरिया टाकून यंदाचे पीक काढील, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. मालक शहरात, कसणारा अनिश्चिततेत आणि माती बेवारस, अशी ही स्थिती आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचविला होता, त्यामागील विचार दोघांनाही संरक्षण देण्याचा होता. किमान पाच वर्षांचा लेखी करार आणि त्यात मातीच्या जोपासनेची अट, या दिशेने कायद्याची वाट मोकळी झाल्याशिवाय सारा मृदा-उपदेश व्यर्थ आहे.

उपाय फार गुंतागुंतीचे नाहीत. युरियावरील अनुदानाचा काही भाग हळूहळू, एकूण मदत न घटविता, कंपोस्ट व सूक्ष्म अन्नद्रव्यांकडे वळवावा. पिकांच्या फेरपालटीत ज्वारी-तुरीला हमीभावाच्या प्रत्यक्ष खरेदीचा आधार मिळावा. गावपातळीवर बीबीएफ यंत्रे पेरणीपूर्वी उपलब्ध असावीत. आमच्या महाविद्यालयांनीही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत केवळ रस्ते झाडण्यापेक्षा एकेका गावाच्या मातीचे नमुने माथ्यापासून नाल्यापर्यंत घ्यावेत, खोली मोजावी आणि नोंदी ग्रामपंचायतीत लावाव्यात. आणि ज्यांची शेते दुसऱ्याच्या हाती आहेत त्या आपण सर्वांनी, खंडाची रक्कम ठरविताना त्यातील काही हिस्सा शेतात खताच्या रूपाने परत जाईल, एवढे तरी या वर्षापासून ठरवावे. याला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अतिवृष्टीत खरडलेल्या जमिनीचा भाव शासनाने एकदा कागदावर लिहिला आहे. त्या भावाने दरवर्षीच्या झिजेचा हिशेब मांडला तर आपले अनेक नफ्याचे हंगाम तोट्याचे निघतील. हा हिशेब मांडणे अप्रिय आहे. परंतु तो आज आपण मांडला नाही, तर आपल्या नातवंडांना तो उघड्या मुरमावर उभे राहून मांडावा लागेल.